काचेआडचा जिल्हा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. पण डोळे बारीक करून माझ्याकडे बघू नका, कारण माझ्यावर बघण्यासारखं फारसं काही नाही. माझ्यावर रंग नाहीत, अक्षरं नाहीत, नद्या निळ्या नाहीत. आंब्याच्या फळीवर सुतळी, चिंचोके आणि वाळू चिकटवून मला केलेलं आहे. मला वाचायचं असेल तर दोन्ही हात पुढे करा आणि बोटांनी वाचा.

माझ्या जन्माच्या वेळचा परभणी जिल्हा मी अजून अंगावर वागवतो. तेव्हा हिंगोली आमच्यात होती आणि परतूरही आमच्यातच होतं. पुढे परतूर जालन्याकडे गेलं, हिंगोलीने आपली वेगळी चूल मांडली. तेव्हापासून शाळेत नवे गुरुजी आले की मला कपाटातून काढतात, उलटंपालटं करतात आणि म्हणतात, "हा तर चुकीचा नकाशा आहे." चुकीचा म्हणे. जिल्हा बदलला, मी कुठे बदललो? आणि माझं काम काही तालुके मोजून दाखवायचं नव्हतंच. माझं काम काय होतं, ते आज तुम्हाला सांगतो. जरा दम धरून ऐका.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. मे महिना होता, शाळांना सुट्ट्या होत्या आणि परभणीत एका शाळेच्या पत्र्याखाली गावोगावच्या गुरुजींचं प्रशिक्षण भरलं होतं. ज्या मुलांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांना गावातल्याच शाळेत, बाकीच्या मुलांच्या मांडीला मांडी लावून कसं शिकवायचं, याचं ते प्रशिक्षण होतं. असलं काही तोवर तिथे कोणी ऐकलेलं नव्हतं. वर पत्रा तापलेला आणि खाली निम्मे गुरुजी सुट्टी बुडाली म्हणून तोंड पाडून बसलेले.

शिकवायला अनंतराव नावाचे गृहस्थ होते. त्यांना स्वतःला दिसत नव्हतं, पण जीभ अशी की समोरच्याला एका वाक्यात जागेवर आणत. पहिल्याच दिवशी त्यांनी एका गुरुजींना उठवलं आणि फळ्यावर बेरीज शिकवायला सांगितली. हे गुरुजी म्हणजे विष्णुपंत. माझे जन्मदाते. त्यांनी खडू घेतला आणि रोजच्या सवयीने सुरुवात केली, "हे बघा मुलांनो, ह्यात हे मिळवलं की हे आलं."

अनंतराव खुर्चीतून म्हणाले, "गुरुजी, मला फक्त खडूचा आवाज आला. कशात काय मिळवलंत?"

सगळे हसले. विष्णुपंत मात्र हातात खडू धरून तसेच उभे राहिले. इतकी वर्षं आपण वर्गात नुसतं 'हे' आणि 'ते' करत होतो, हे त्यांना त्या क्षणी कळलं. मग त्यांनी तीच बेरीज पुन्हा शिकवली, आकड्यांची नावं घेऊन, हातचा मोठ्याने सांगून. अनंतरावांनी मान डोलावली. त्या दिवसानंतर वर्गातलं कोणीही सुट्टी बुडाल्याची तक्रार केली नाही.

विष्णुपंत चुडाव्याजवळच्या एका वाडीत तिसरीला शिकवत. वाडीचं नाव मी सांगत नाही. पुढे जे झालं त्यावरून कोणी त्या गावाला हसावं अशी माझी इच्छा नाही. रुळाला लागून असलेली ती वाडी, एवढं कळलं तरी पुरे. तिसरीला जिल्ह्याचा भूगोल असतो आणि भूगोल म्हणजे विष्णुपंतांचा जीव की प्राण. बोलता बोलता, मागे वळूनही न बघता ते फळ्यावर जिल्ह्याचा नकाशा काढत. त्यामुळे प्रशिक्षणात प्रत्येकाने आपल्या शाळेसाठी हाताने वाचायची एक वस्तू करायची असं ठरलं, तेव्हा विष्णुपंत काय करणार हे सगळ्यांना आधीच माहीत होतं.

त्यांनी मला केलं आणि हौसेने केलं. तालुके झाले, गावं झाली, फाटे झाले. सडका, टेकड्या, तलाव, सगळं माझ्या अंगावर आलं. पेडगावच्या शेतात खऱ्या ज्वारीचे दाणे चिकटवले. देवगाव फाट्याला एक खिळा ठोकला. आपली वाडीसुद्धा त्यांनी मोहरीच्या दाण्याने दाखवली. वरून रंग दिला. लग्नातला नवरदेव काय नटेल असा मी नटलो होतो, आणि मला ते आवडलंही होतं.

अनंतरावांनी माझ्यावर हात ठेवले.

"हे काय आहे?"

"देवगाव फाटा."

"आणि हे?"

"पेडगावची ज्वारी."

"आणि हे इथलं?"

"ते... तो रंगाचा पोपडा आलाय."

"गुरुजी," अनंतराव म्हणाले, "तुम्ही जिल्ह्याचा आठवडी बाजार करून टाकलाय. डोळ्यांना एवढी गर्दी चालते. बोटांना नाही चालत. बोटाला इकडून तिकडे जायला मोकळी जागा लागते."

विष्णुपंतांच्या ते जिव्हारी लागलं. ते काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात अनंतरावांनी त्यांच्या डोळ्यांवर एक पंचा बांधायला लावला आणि म्हणाले, "तुमचाच नकाशा आहे. परभणी शोधून द्या." विष्णुपंतांची बोटं माझ्यावरून फिरायला लागली. ज्वारीत अडकली, खिळ्याला ठेचली, टेकड्यांत घुसली. शेवटी एका चिंचोक्यावर बोट रोवून ते म्हणाले, "ही परभणी."

"जिंतूर," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

मग काय, पंचा सोडून विष्णुपंतांनी चाकू घेतला आणि मला खरवडायला बसले. रंग गेला, सडका गेल्या, ज्वारी गेली, खिळा निघाला. वाडीची मोहरी गेली. दुखलं मला, पण वर एक हलकेपणाही आला. उरलं ते असं: गोदावरीला जाड सुतळी, पूर्णेला आणि दुधनेला बारीक. रेल्वेला दोरा, आणि त्यावर स्टेशनांच्या गाठी. हिंगोली-जिंतूरकडच्या डोंगराला वाळू. तालुक्यांना चिंचोके आणि परभणीला एक कवडी. जिल्ह्याच्या सीमेला बांबूची बारीक कामटी. अनंतरावांनी पुन्हा हात फिरवला, कवडीवर थांबले आणि म्हणाले, "हं. आता पोहोचलो." विष्णुपंतांना एवढी शाबासकी पुरली.

आता वाडीतली गंमत ऐका. शाळेचे हेडमास्तर किशनराव. माणूस सज्जन आणि शाळेवर अतोनात माया. आपल्या गुरुजींनी परभणीला जाऊन असा नकाशा केला, ज्याचं तिथल्या तज्ज्ञाने कौतुक केलं, हे कळल्यावर त्यांना काय करू आणि काय नको असं झालं. आता आपल्याकडे एखाद्या वस्तूचा मान राखायचा म्हणजे काय करतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिला काचेत घालतात, उंच टांगतात आणि कोणाला हात लावू देत नाहीत.

माझंही तेच झालं. पूर्ण्याच्या बाजारातून काच आली, चौकट आली. पंधरा ऑगस्टला माझ्यापुढे नारळ फुटला, मला हार घातला आणि ऑफिसात, घड्याळाच्या शेजारी, किशनरावांच्या डोक्यावर मला लटकवलं. बैलगाड्यांवर नावं रंगवणाऱ्या पेंटरकडून एक पाटीही करून घेतली आणि माझ्या खाली ठोकली. तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हात लावू नये'.

आता बोला. हातांनी वाचायचा नकाशा, आणि हात लावू नये.

पण कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. येणारा-जाणारा मान वर करून बघे आणि "वा, काय बारीक काम केलंय" म्हणे. तलाठी म्हणे, ग्रामसेवक म्हणे, पाहुणे म्हणत. विष्णुपंतांची छाती फुगे. मित्रांनो, कौतुक मलाही आवडतं, मी काही संत नाही. पण महिनोन् महिने माझ्या अंगावर एक बोट फिरलं नाही. माझ्या सुतळीला काय करायचाय तो मान? बेजार झालो मी त्या काचेमागे.

आणि ज्या मुलीसाठी मला केलं होतं, ती भिंतीच्या पलीकडच्याच वर्गात बसत होती. तिचं नाव सत्यशीला. लहानपणी जबर तापात तिची नजर गेली. बाप सिताराम रेल्वेत गँगमन, म्हणजे रोज रुळाच्या कडेने चालत जाऊन सैल खिळे ठोकायचं, खडी सारखी करायचं काम. आई सुलाबाई शेतात रोजाने जाई. वाडीच्या टोकाला, विहाराच्या पलीकडे त्यांचं घर. तिसरीच्या मुलांपेक्षा सत्यशीला वयाने थोडी मोठी होती, कारण तिला शाळेत घालता येतं हेच आधी कोणाला सुचलं नव्हतं. किशनरावांनी तिला घेतलं खरं, पण हजेरीत तिचं नाव पेन्सिलीने लिहिलं. वरिष्ठांनी हो म्हटलं की शाईने लिहू, असं ते म्हणत.

एक सांगतो, विष्णुपंत परभणीहून रिकामे आले नव्हते. वर्गात ते फळ्यावरचं प्रत्येक अक्षर मोठ्याने बोलत. पोरांना त्यांनी शिकवलं होतं की सत्यशीलेला हाताला धरून ओढत न्यायचं नाही, आपला कोपर तिच्यापुढे करायचा, म्हणजे ती आपणच धरते. गणिताला मणी दिले होते. पाढ्यांत तर ती सगळ्यांना मागे टाकी. कधी विष्णुपंत सवयीने गप्प राहून लिहायला लागले की पुढच्या रांगेतून आवाज येई, "गुरुजी, काय लिहायलात?" आणि ते जीभ चावून पुन्हा बोलायला लागत. सगळं नीट चाललं होतं. फक्त माझ्यापुढे तिला कोणी आणलं नव्हतं. जिल्ह्याचा धडा अजून यायचाय, तेव्हा बघू, आधी मुलांच्या हातांनी नकाशा खराब कशाला करायचा, असं विष्णुपंत म्हणत.

मग हिवाळ्यात शिक्षण खात्याचे साहेब शाळा बघायला आले. परभणीच्या प्रशिक्षणाचं पुढे काय झालं, हे बघायला ते गावोगाव फिरत होते. त्यांनी मला पाहिलं आणि ते खूश झाले. मग म्हणाले, "ती मुलगी कुठे आहे? बोलवा. बघू कशी वाचते."

सत्यशीला आली. भिंतीवर हात पोहोचेना म्हणून किशनरावांनी तिला स्टुलावर उभं केलं. विष्णुपंत म्हणाले, "बाळ, समोर आपला जिल्हा आहे. गोदावरी दाखव बरं साहेबांना."

तिने दोन्ही हात पुढे केले. तळवे काचेवर टेकले. वर फिरवले, खाली फिरवले, कडेपर्यंत नेले आणि पुन्हा आणले. आत मी जीव मुठीत धरून होतो.

"गुरुजी, हितं तर काहीच न्हाई," ती म्हणाली. "गुळगुळीत हाय."

"आत आहे, बाळ."

"मंग आत कसं जायचं?"

विष्णुपंतांचं तोंड उतरलं. साहेब रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते भले गृहस्थ होते. त्यांनी तिला हाताने खाली उतरवलं आणि शांतपणे म्हणाले, "गुरुजी, तुमच्या कष्टांना मी नाव ठेवत नाही. पण हे इथे जमायचं नाही. औरंगाबादेच्या पुढे एक चांगली अंधशाळा आहे. वसतिगृह आहे. तिथे सगळंच अशा मुलांच्या बेताने असतं. जूनपासून हिला तिकडे पाठवू. होळीनंतर मी कागद घेऊन येतो."

ती शाळा वाईट नव्हती. उगाच कोणाबद्दल खोटं कशाला बोलू? पण सत्यशीला अजून ऑफिसच्या दारातच होती आणि तिला सगळं ऐकू गेलं होतं. तिने विष्णुपंतांना एवढंच विचारलं, "गुरुजी, तिथून सांच्याला घरी येता येतं का?"

विष्णुपंतांनी आपला कोपर तिच्यापुढे केला आणि तिला वर्गात नेलं.

दुसऱ्या दिवशी शेतातला रोज बुडवून सुलाबाई शाळेत आली. उंबऱ्याशी उभी राहिली. किशनरावांनी आत बोलावलं तेव्हा आली.

"पोरीला लांब धाडणार म्हणं," ती म्हणाली. "का ओ गुरुजी? शिकत न्हाई का ती?"

"शिकते की," विष्णुपंत म्हणाले.

"वांड हाय का?"

"छे. हुशार आहे."

"मंग?"

विष्णुपंतांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "साहेबांनी तिला हा नकाशा विचारला, सुलाबाई. तिला सांगता आला नाही."

सुलाबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मान वर करून तिने मला नीट पाहिलं. मग खालच्या तांबड्या अक्षरांकडे बघून तिने विचारलं, "हे काय लिवलंय?"

किशनरावांनी वाचून दाखवलं. वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक झाला.

"हात लावू नये," सुलाबाई हळूच म्हणाली. "हे आमी लय ऐकलंय, सर. माझ्या आईबापाचा जल्म ह्याच्यातच गेला. आमचा बी निम्मा गेला. पर ह्यो नकाशा तर माझ्या लेकीसाठीच केला म्हणले न्हवं तुमी?"

ती चिडून बोलली नाही. पदर सारखा केला आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली. मित्रांनो, मी लाकडाचा आहे, पण त्या वेळी मला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं. काच लावणाऱ्यांच्या मनात तसलं काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण पाटी वाचून त्या बाईच्या मनात काय आलं, हेही आता सगळ्यांना कळलं होतं.

विष्णुपंत उठले. किशनरावांचीच खुर्ची ओढून तिच्यावर चढले आणि मला खाली उतरवलं. टेबलाच्या खणातून पकड काढली आणि चौकटीचे खिळे उपटायला लागले.

"अहो विष्णुपंत," किशनराव म्हणाले, "आत्ता आत्ता तर नारळ फोडला ह्याला."

"पुन्हा फोडू, सर."

मग किशनरावांनी भिंतीवरची ती पाटी स्वतःच्या हाताने काढली आणि सुलाबाईला बसायला सांगितलं. काच पुढे चौथीच्या फुटक्या खिडकीला बसली. पाटीचं काय झालं ते मला माहीत नाही.

त्याच दुपारी मला तिसरीच्या वर्गात जमिनीवर ठेवलं, आणि सत्यशीला माझ्यापुढे मांडी घालून बसली. तिची बोटं माझ्या अंगाला लागली आणि मला कसं वाटलं ते काय सांगू! जन्मल्यापासून मी ज्याची वाट बघत होतो ते हेच. सारखं हसू फुटत होतं मला.

पण त्या दिवशी ती मला वाचू शकली नाही. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल काच काढली आणि झालं. विष्णुपंत पुस्तकाप्रमाणे वरून सुरुवात करत होते, उत्तरेची सीमा, मग डोंगर, मग नद्या. सत्यशीला बोट फिरवी, आणि सुतळी कुठली, दोरा कुठला यात हरवून जाई. शेवटी तिने हात मागे घेतले.

"गुरुजी, ह्याच्यात आपली वाडी कुठंय?"

वाडी त्यांनी चाकूने खरवडली होती.

"ती ह्यात नाही, बाळ. जागा कमी होती."

"मंग मी निघू कुठून?"

अगदी साधा प्रश्न. डोळ्यांनी बघणाऱ्याला अख्खा जिल्हा एकदम दिसतो, तो कुठूनही सुरुवात करतो. बोटाला मात्र कुठून तरी निघावं लागतं, आणि माणूस निघतो तो आपल्या घरातून. विष्णुपंत तिथेच जमिनीवर बसून राहिले. घंटा झाली, पोरं घरी गेली, तरी ते माझ्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सत्यशीलेला विचारलं, "वाडी बसवू या. कशाची करायची? मोहरीची करू, का मुगाची?"

"थांबा," ती म्हणाली. परकराच्या ओच्यातून तिने रुळाच्या खडीचा एक टवका काढला. नखाएवढा, काळा, धारदार. आदल्या दिवशी घरी जाऊन तिने बापाला सांगितलं होतं आणि सितारामने हातोडीने खडी फोडून दिली होती. म्हणजे विष्णुपंत रात्रभर जे ठरवत होते ते पोरीने आधीच ठरवलं होतं. विष्णुपंतांनी चिकटवायला सरस तापवला. पूर्वेच्या कडेला, रेल्वेच्या दोऱ्यालगत, जिथे वाडी यायला हवी तिथे त्यांनी तिचं बोट टेकवलं, आणि तिने स्वतः तो टवका बसवला. वाळेपर्यंत दाबून धरला.

मग मात्र ती सुसाट निघाली. रेल्वे तिच्या घराच्या मागूनच जात होती. कोणती गाडी कुठून आली आणि कुठे चालली, हे बापाच्या तोंडून ती रोज ऐकत होती. वाडीवरून बोट दोऱ्यावर ठेवलं की चुडावा, पूर्णा, मिरखेल, परभणी, गाठीमागून गाठ ती पुढे जाई. पूर्ण्याहून वर वळली की वसमत, मग हिंगोली. परभणीहून खाली वळली की गंगाखेड, आणि तिथे बोटाला जाड सुतळी लागे. "ही गोदावरी," ती म्हणाली, आणि विष्णुपंतांनी तिला सांगितलं नव्हतं. नद्या सापडल्या, नद्यांवरून डोंगर सापडले. मग एक दिवस ती अडली.

"गुरुजी, जिंतूरला रेल्वे का न्हाई?"

"ते मला नको विचारू. सरकारला विचार."

वर्गातली बाकीची पोरं काय गप्प बसतात होय? "हिलाच का, आमाला बी पायजे," म्हणून त्यांनी दंगा केला. मग सगळ्यांनी डोळे मिटून वाचायचं ठरलं. पोरं चुकत आणि सत्यशीला त्यांच्या बोटाला धरून वाटेवर आणी. एकदा मधल्या सुट्टीत खुद्द किशनराव डोळे मिटून बसले. परभणीहून निघाले ते वर वर सरकत राहिले.

"कुठं आलो मी?" त्यांनी विचारलं.

"पैनगंगा वलांडून विदर्भात चाललात, सर," सत्यशीला म्हणाली. "माघारी फिरा."

सगळी पोरं खो-खो हसली. किशनरावही हसले. मला विचाराल तर माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत चांगले दिवस. सुतळीचे धागे निघाले, चिंचोके पडले, पुन्हा बसवले, वाळू झडली. रोज संध्याकाळी मी धुळीने आणि घामाने माखलेला असे. काचेमागे होतो तेव्हा मी देखणा होतो, आता मी कामाचा होतो.

होळी झाली आणि साहेब आले. हातात कागदांची पिशवी होती. सिताराम ड्यूटीवर होता, सुलाबाई मात्र सकाळपासून शाळेच्या दाराशी येऊन बसली होती. साहेबांनी मला भिंतीवर शोधलं. मी तिथे नव्हतो. मग वर्गात आले, तर मी जमिनीवर आणि माझ्यासमोर सत्यशीला.

त्यांनी गोदावरी विचारली. दाखवली. पूर्णा आणि दुधना कुठे मिळतात, विचारलं. दाखवलं. डोंगर, तालुके, कवडी, सगळं झालं. साहेबांच्या चेहऱ्यावर आनंद दिसत होता. विष्णुपंतांना वाटलं, जिंकलो.

साहेब म्हणाले, "फारच हुशार मुलगी आहे. म्हणूनच म्हणतो, गुरुजी, हिला चांगल्या शाळेत जाऊ द्या. इथे वाया जाईल." आणि त्यांनी कागद काढले.

सुलाबाई उठून उभी राहिली. विष्णुपंत म्हणाले, "साहेब, ती इथे शिकते आहे. तुम्ही आत्ताच पाहिलंत."

"पाहिलं ना. तिथे याहून जास्त शिकेल," साहेब म्हणाले. त्यांचं मन स्वच्छ होतं, आणि त्यामुळेच त्यांना वळवायचं कसं हे कोणाला कळेना. मग ते सत्यशीलेकडे वळले आणि मायेने म्हणाले, "बाळ, तुला कुठे जायचंय ते माहीत आहे का? कुठे आहे ती शाळा?"

"दावते की," ती म्हणाली.

तिने डावं बोट खडीच्या टवक्यावर ठेवलं. उजवं तिथूनच उचललं आणि दोऱ्यावरून चालवायला लागली. "ही आपली वाडी. ह्यो चुडावा. पूर्णा. मिरखेल. परभणी आली. पेडगाव. मानवत रोड. सेलू. परतूर." उजवा हात माझ्या पश्चिमेच्या टोकाला पोहोचला. कामटी लागली. तिने कामटी ओलांडली, फळीची कड ओलांडली आणि हात पुढे नेत राहिली. खाली फळी नव्हती, काहीच नव्हतं. ती वाकली, खांदा ताणला, बोटं पसरली, तरी हात हवेत पुढेच चालला होता.

"आजून म्होरं हाय, साहेब," ती म्हणाली. "माझा हात पुरत न्हाई."

डावं बोट तिने वाडीवरून उचललं नव्हतं.

साहेब त्या दोन हातांकडे बघत राहिले. एक घरावर आणि एक हवेत. मग त्यांनी हळूच तिचा उजवा हात धरला आणि पुन्हा फळीवर आणून ठेवला. कागद पिशवीत घातले.

"किशनराव," ते म्हणाले, "हजेरी आणा. आणि दौत आणा. हिचं नाव शाईने लिहा."

सुलाबाई खाली बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. विष्णुपंतही दुसरीकडे बघत होते. सत्यशीलेला मात्र भूक लागली होती. तिने विचारलं, सुट्टी झाली का?

ती त्याच शाळेत शिकली आणि रोज संध्याकाळी घरी गेली. पुढच्या उन्हाळ्यात परभणीला पुन्हा प्रशिक्षण भरलं, तेव्हा विष्णुपंत मला सोबत घेऊन गेले. काचेची गोष्ट त्यांनी सगळ्या गुरुजींना स्वतःच्या तोंडाने सांगितली, काहीही न लपवता. गुरुजी पोट धरून हसले आणि मग गप्प झाले. अनंतरावांनी माझ्यावर हात फिरवला, पूर्वेच्या कडेला थबकले आणि विचारलं, "हे काय टोचलं?"

"ती माझी विद्यार्थिनी राहते तिथे," विष्णुपंत म्हणाले.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला पुसू नका, हार घालू नका, उंच टांगू नका. मला खाली घ्या आणि वापरा. तुमच्या वर्गात सत्यशीलेसारखं कोणी असेल, तर त्याच्यासाठी जे काही कराल ते त्याच्याच हातात द्या, मग ते झिजो की मोडो. आणि गुरुजी, तुमच्यापैकी कोणी हे ऐकत असाल, तर एक कानावर घालतो. नकाशा सांगायला बसाल तेव्हा आधी त्या लेकराचं गाव त्यावर आहे का ते बघा. नसलं तर पहिल्यांदा ते बसवा, आणि मग उरलेला जिल्हा सांगा.